प्रास्ताविकापुरतं तेल

प्लॅस्टिकपासून इंधन काढणारा, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतला पहिला माणूस मी. दुसरा अजून झालेला नाही, त्यामुळे तूर्तास हा मान एकट्यालाच सांभाळावा लागतो. आमच्या गल्लीत मात्र ही गोष्ट ‘थूल सरांकडे पोलीस आले होते तेव्हाची’ म्हणून सांगितली जाते. पोलीस आले होते, हे खरं. पण एवढ्या मोठ्या प्रयोगातून नेमके पोलीसच लक्षात ठेवणाऱ्या लोकांबद्दल मी काय बोलावं! खरी हकीकत कुठेतरी नीट यावी म्हणून ती मीच सांगतो.

मुळात विषय प्लॅस्टिकचा नव्हताच, माईकचा होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. दर बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी तिथे वंदना होते, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचं भाषण, मग खीर. ह्यातलं प्रास्ताविक वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. हिंगणघाटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे कोणताही विषय मुळापासून घ्यायची मला सवय आहे, आणि मुळापासून घेतलं की वेळ लागतो. एका वर्षी माझं प्रास्ताविक चालू असताना प्रमुख पाहुणे दुसऱ्या गावचा कार्यक्रम उरकून परत आले, आणि तरी त्यांना आमच्याकडे बोलायची संधी मिळाली. माझ्या मते ह्यात सगळ्यांचीच सोय झाली.

मधुकररावांचं मत वेगळं होतं. मधुकरराव आमचे शेजारी. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, उभी हयात बसस्थानकात माईकवरून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसाचं काय काय सुटतं, पण माईक सुटत नाही. यंदा विहार समितीच्या बैठकीत त्यांनी सूचना मांडली की प्रास्ताविक पाच मिनिटांचं असावं आणि दरवर्षी नव्या माणसानं करावं. मी निषेध करायला उभा राहिलो. पण मी चष्मा पुसून बोलायला लागेपर्यंत चर्चा पुढे सरकली होती. विहाराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर साचलेल्या प्लॅस्टिकचं काय करायचं आणि जनरेटरला डिझेल कुठून आणायचं, असं चाललं होतं. आता उभा राहिलोच होतो, तर नुसतं खाली बसणं बरं दिसेना.

“तो कचरा नाही!” मी म्हणालो. “ते इंधन आहे. ह्या पौर्णिमेला आपला जनरेटर मी प्लॅस्टिकच्या तेलावर चालवून दाखवतो.”

“अन् नाई चालला तं?” मधुकररावांनी विचारलं.

“नाही चालला तर जन्मात पुन्हा माईकला हात लावणार नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो माझ्या पहिल्या वाक्याला होता, असं मी बरेच दिवस समजत होतो.

टाळ्या ओसरल्यावर मधुकररावांनी अटी पक्क्या केल्या. “पाहा बरं का सर, जनरेटर तुमच्या तेलावर जवर चालन, तवर तुमचं प्रास्ताविक. तेल सरलं का गाडी सुटली.” मी मान्य केलं. नाकारलं असतं तर विज्ञानाचा अपमान झाला असता.

विज्ञान तसं सोपं आहे. प्लॅस्टिक म्हणजे रेणूंची लांबच लांब माळ. हवा लागू न देता ती तापवली की तुटते आणि तिची वाफ होते. वाफ थंड केली की तेल. माळेचे हवे तसे बारीक तुकडे व्हावेत म्हणून सोबत उत्प्रेरक लागतो. उत्प्रेरक म्हणजे जो स्वतः न बदलता दुसऱ्यांना बदलायला लावतो. हे सगळं मी ज्योत्स्नाला, म्हणजे माझ्या पत्नीला, नीट समजावून सांगितलं.

“म्हंजे तुमीच,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत जराकही बदलले नाई. पन दुसऱ्या कोनाले बदलल्याचंही कुठं दिसलं नाई बाप्पा.”

भट्टीसाठी मी भैयाजींकडे गेलो. भैयाजी गेट, ग्रिल आणि कूलरचे स्टँड बनवतात. मी त्यांना आकृती काढून दिली. जाड लोखंडाचं बंद भांडं, खाली जाळ, वर घट्ट झाकण, झाकणातून निघणारी तांब्याची नळी, नळीला वेटोळी आणि टोकाशी बाटली. भैयाजींनी आकृती बराच वेळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

“सर, तुमी?”

“का? निवृत्त माणसानं काही करू नये का?”

“करा ना जी. ज्याची त्याची अडचन असते. मी कोनाले नाई सांगत.”

“खुशाल सांगा,” मी म्हणालो. “उलट सगळ्या कॉलनीनं येऊन पाहावं अशी माझी इच्छा आहे. पौर्णिमेला विहारात तर मी जाहीरच करणार आहे.”

भैयाजींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तेवढा आदर मला पुऱ्या नोकरीत कधी मिळाला नव्हता. त्यांनी भट्टी उत्तम बनवली आणि तट्ट्यांनी झाकून घरपोच पाठवली.

राहिली वाफ थंड करायची सोय. त्यासाठी गार पाण्याची टाकी लागते, आणि विदर्भात उन्हाळ्यात अशी टाकी घरोघरी असते, तिला कूलर म्हणतात. मी आमचा कूलर खिडकीतून काढला, अंगणात मांडला आणि तांब्याची वेटोळी त्याच्या टाकीत सोडली. वर्ध्याच्या मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर अंगणात नेणं म्हणजे काय, ते पुण्याकडच्या वाचकाला कळायचं नाही. त्याच्यासाठी एवढंच सांगतो की त्यानंतर ज्योत्स्नाला माझ्याशी काही बोलायचं असेल तर ती समोरच्या जिजाबाईंना सांगत असे आणि जिजाबाई मला येऊन सांगत.

आता फक्त प्लॅस्टिक हवं होतं. हसू नका. प्लॉटवर ढीग होता, पण तो बहुतेक पाण्याच्या बाटल्यांचा, आणि त्या बाटल्यांचं तेल होत नाही. त्यांची पांढरी भुकटी होऊन नळी तेवढी तुंबते. पीव्हीसी पाइपचे तुकडे तर भट्टीच्या आसपासही नकोत, त्यातून आम्लाची वाफ निघते. मला हवे होते डबे, झाकणं, बादल्या, दुधाच्या पिशव्या. आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं. मराठी घरात डबा टाकत नाहीत. श्रीखंड एका दिवसात संपतं, डबा पिढ्यान्‌पिढ्या राहतो. त्यात आधी मोहरी येते, मग बटणं, आणि तडा गेला की त्यात कोथिंबीर पेरतात. पिशव्यांचं तर विचारूच नका. प्रत्येक स्वयंपाकघरात दारामागे एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात फक्त पिशव्या असतात.

जिजाबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्याकडे डब्यांची मांडणी अशी की पाहणाऱ्याला वाटावं दुकानच आहे. मी नम्रपणे एखादा जुना डबा मागितला.

“कोनता, हा? हा तं आमच्या नंदिनीच्या बारशाचा आहे. आता तिले पोरगं झालं.”

“मग तो फुटका?”

“फुटका आहे म्हनून का टाकून द्याचा?” जिजाबाईंनी डबा पदराखाली घेतला. मग माझ्याकडे बारीक नजरेनं पाहत म्हणाल्या, “पन काऊन जी सर, तुमच्यासारखा शिकला-सवरला मानूस डब्बे मांगून राह्यला, म्हंजे ह्याच्यात काही तरी आहे.”

ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मोकळा प्लॉट लख्ख. बाटल्या, पिशव्या, खिरीचे पेले, सगळं लोकांनी वेचून आपापल्या गच्चीवर नेऊन ठेवलं होतं, पुढेमागे भाव येईल म्हणून. जे काम कितीतरी स्वच्छता मोहिमांना जमलं नव्हतं ते माझ्या एका विनंतीनं झालं, ह्याची नोंद कुणी घेतली नाही. मला मात्र दुधाच्या पिशव्यांसाठी बसनं कारंजा घाडगेपर्यंत जाऊन धाबे पालथे घालावे लागले. येताना बसमध्ये पोत्यावरून कंडक्टरशी वाद झाला. मी मधुकररावांची ओळख सांगितली, तेव्हा त्यानं पोत्याचं वेगळं तिकीट मागितलं.

पहिला प्रयोग पाहायला गर्दी जमली. येणारा प्रत्येक जण रसायनशास्त्रातला तज्ज्ञ होता. एकाचं म्हणणं जाळ कमी आहे, दुसऱ्याचं जास्त आहे. एक गृहस्थ काहीही न बोलता दर थोड्या वेळानं ‘च्‌’ करत होते, त्यांचा मला सर्वांत जास्त त्रास झाला. अखेर नळीतून काहीतरी बाहेर आलं, बाटलीत पडलं आणि पडल्या पडल्या गोठलं. मधुकररावांनी काडीनं ढोसून पाहिलं.

“हे तं मेन आहे, सर. मेनबत्त्या लय चांगल्या होतीन. पन माईक मेनबत्तीवर नाई चालत.”

उत्प्रेरकाशिवाय मेणच येणार हे मला माहीत होतं. मी फक्त ते सिद्ध करून दाखवलं होतं. पण हे ऐकायला कुणी थांबलं नाही.

उत्प्रेरक विकणाऱ्या एका कंपनीला मी फोन केला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं की आपली रिफायनरी कुठे आहे. मी म्हणालो, अंगणात. तिनं एक ट्रक मालाच्या खाली ऑर्डर घेत नाही असं सांगितलं. ट्रक अंगणात उभा राहणार नाही असं मी सांगितलं. तिथून पुढे आमचं बोलणं सरकलं नाही.

पण काही विशिष्ट मातीही उत्प्रेरकाचं काम करते हे मी पूर्वी शिकवलेलं होतं, आणि अशा मातीचा एक पुडा आमच्याच घरात, आरशासमोरच्या फळीवर, माझ्या डोळ्यांदेखत पडलेला असायचा. मुलतानी माती! ज्योत्स्ना ती रविवारी चेहऱ्याला लावते. विज्ञानाला विचारपूस करत बसायला वेळ नसतो. ती जिजाबाईंकडे निरोप सांगायला गेलेली पाहून मी सगळा पुडा भट्टीत टाकला.

आणि तेल आलं! आधी नळीच्या तोंडाशी एक पिवळसर थेंब लोंबकळला. पडेना. मग पडला. मग दुसरा. मग बारीक धार लागली, पातळ, मधासारख्या रंगाची, आणि ती गोठली नाही. मी अंगणात एकटाच होतो. सगळी नोकरी मुलांना समीकरणं शिकवण्यात गेली होती, बाणाच्या डावीकडे हे, उजवीकडे ते. बाणाच्या उजवीकडचं स्वतःच्या बाटलीत पडताना मी पहिल्यांदा पाहत होतो. मी ‘शाब्बास, नागेश’ असं मोठ्यानं म्हणालो. दुसरं कुणी म्हणण्याची शक्यता नव्हती.

पौर्णिमेच्या आधी दोन कॅन भरले. वास मात्र सुटला. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांनी तो धरून ठेवला आणि पंख्यानं गल्लीभर पोचवला. आणि तेव्हापासून आमच्या फाटकासमोर अनोळखी माणसं रेंगाळायला लागली. एका सकाळी त्यांतला एक आत आला आणि पिशवीतून रिकामी बाटली काढून म्हणाला, “सर, पावशेर भेटन का?”

माझा ऊर भरून आला. माझ्या इंधनाला पहिलं गिऱ्हाईक! मी विचारलं, “गाडी कोणती आहे तुमची?”

“गाडी नाई जी. पायदळच आहो.”

“मग टाकणार कशात?”

त्यानं माझ्याकडे अतिशय कनवाळूपणे पाहिलं. “तुमी घेत नाई वाटते, सर?”

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मी स्वतःही ती तेवढ्या काळापुरती विसरलो होतो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. ह्या जिल्ह्यात एखाद्यानं अंगणात भट्टी लावली, झाकणातून तांब्याची नळी काढली, ती गार पाण्यातून नेली आणि टोकाशी बाटली ठेवली, तर लोकांना ते यंत्र नवीन नसतं. भैयाजींनी शटर का ओढलं, हे मला त्या क्षणी कळलं. मी त्या माणसाला फाटकाबाहेर काढलं. तो जाताना म्हणाला की भाव करायला तयार आहे.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी पोलिसांची गाडी फाटकाशी थांबली. गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली. जमादार पुढे आला आणि त्यानं आधी वाकून नमस्कार केला.

“सर, ओळखलं का मले? मी विवेक. बारावीले तुमच्या वर्गात होतो.”

“पास झाला होतास?”

“दुसऱ्या खेपेले.”

“मग सांग, हे काय आहे?”

विवेकनं भट्टीकडे पाहिलं. “ऊर्ध्वपातन, सर. तुमी फळ्यावर हेच चित्र काढत होते. पन सर, आमी जेथं जेथं धाड टाकतो, तेथंही हेच चित्र असते.”

हे प्लॅस्टिकचं तेल आहे, मी सांगितलं. त्यानं वास घेतला. सोबतचा शिपाई म्हणाला, वास तर रॉकेलचा येतो. विवेक म्हणाला, आजकाल वास मारायला लोक काहीही टाकतात. मी म्हणालो, पेटवून दाखवतो. “दारूही पेटते, सर. तुमीच शिकवलं.” माझ्या विद्यार्थ्यांपैकी नेमक्या ह्याच्याच सगळं ध्यानात राहावं, हे माझं नशीब.

“मग चाखून पाहा!” मी ओरडलो. कुणीही पुढे आलं नाही.

विवेकनं भराभर फोन केले. इंधन असेल तर ते पोलिसांकडे येत नाही, असं एकानं सांगितलं. कचऱ्यापासून केलेलं असेल तर ते इंधनवाल्यांकडे येत नाही, असं दुसऱ्यानं सांगितलं. तिसऱ्यानं नाव विचारलं, थूल सर ऐकल्यावर आपणही माझ्याच हाताखाली शिकलो असं म्हणाला आणि फोन ठेवून दिला. विवेकनं टोपी काढून घाम पुसला. “सर, खरं सांगू का? दारू असती तं लय सोपं होतं. दारूचं काय कराचं ते आमाले माहीत आहे.” शेवटी त्यानं फार संकोचानं दोन्ही कॅन तपासणीसाठी गाडीत ठेवले आणि पुन्हा नमस्कार करून निघून गेला. ते कॅन अजून आलेले नाहीत. ते नेमके कुणी तपासायचे, ह्यावर विचार चालू आहे.

गाडी गेली पण लोक गेले नाहीत. मधुकरराव माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “सर, आमचा इश्वास आहे तुमच्यावर. पन विहार आहे. पाचवं शीलच दारू सोडाचं आहे. लोक बोलून राह्यले. तपासनी होईस्तोवर तुमी स्टेजवर नाई आले तं...”

मी पायरीवर बसलो. आता विनोद सुचत नाही म्हणून सरळच सांगतो, मला फार लागलं. माझे वडील छप्पन साली दीक्षा घ्यायला नागपूरला पायी गेले होते. तिथे त्यांनी जे सोडलं ते पुन्हा आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही, आणि ह्याचा मला माझ्या पदव्यांपेक्षा जास्त अभिमान आहे. माईक गेला असता तर मी काही दिवस रुसलो असतो. पण वडिलांच्या घराला दारूचं नाव लागलं होतं आणि माझ्याजवळ पुरावा म्हणून थेंबभर तेलही उरलेलं नव्हतं.

तेवढ्यात समोरून जिजाबाई आल्या. त्या सरळ भट्टीपाशी गेल्या, नळीच्या तोंडाला बोट लावलं, हुंगलं आणि गर्दीकडे वळल्या.

“दारूचा वास मले कोनी शिकवू नका,” त्या म्हणाल्या. “माह्या नवऱ्यानं मरेस्तोवर पेली. तो वास माह्या अंगाले लागून होता. गावागावातल्या हातभट्ट्या आमी बायांनी फोडल्या, तवा तुमच्यातला एक मानूस संग आला नव्हता. हा दारूचा वास नाई. ह्या घरातून तो वास कधी आला नाई. सरांचं डोस्कं फिरलं असन, पन सरांनी दारू गाळली म्हनान तं माह्याशी गाठ आहे.”

च्‌ करणारे गृहस्थही गप्प झाले. जिजाबाई घरी गेल्या आणि पदरात मावतील तेवढे डबे घेऊन आल्या. फुटका आला, आणि बारशाचाही आला.

“बाई, हा नको,” मी म्हणालो.

“घ्या जी. कोथिंबीर लावाले दुसरा आहे माह्याजवळ.”

मग बाकीच्या बाया एकेक करून घरात गेल्या आणि दारामागच्या पिशव्यांच्या पिशव्या घेऊन आल्या. ज्योत्स्नानं मुलतानी मातीचा नवा पुडा माझ्या हातात ठेवला आणि कूलर बाहेर गेल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. “घ्या. माह्या चेहऱ्याचं काय व्हाचं ते होऊन गेलं. आता तुमच्या नावाचं पाहा.”

पौर्णिमेला सकाळीच भट्टी पेटवली. झाकण लावणार तोच भिंतीवरून काहीतरी अंगणात येऊन पडलं. जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा होता, झाकणावर एसटीचं चित्र घासून फिकं झालेलं. मधुकरराव रोज ड्युटीवर त्यात पोळीभाजी नेत. मी भिंतीपलीकडे पाहिलं तर ते पाठमोरे उभे राहून झाडांना पाणी घालत होते. झाडांना पाणी घालायची ती वेळ नव्हती.

दुपारपर्यंत तेल आलं, पण थोडंच. एक तांब्या भरेल इतकं.

संध्याकाळी वंदना झाली. विहारासमोर सारी कॉलनी बसली होती, आणि मागे उभी माणसं तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. जनरेटरवाल्या पोरानं डिझेल काढून टाकलं आणि माझं तेल ओतलं. त्याला ते इतकं कमी वाटलं की बाकीचं कुठे आहे असं त्यानं विचारलं. मधुकररावांनी करारानुसार विहाराचा मेन स्विच बंद केला. अंधार. पोरानं दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. जनरेटर खोकला. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा काळा धूर निघाला, सगळं यंत्र थरथरलं, आणि धडधडत चालू झालं. दिवे लागले! पंचरंगी पताकांवर उजेड पडला आणि माईकमधून खरखर आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. विवेक साध्या कपड्यांत मागे उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता.

मी स्टेजवर गेलो. खिशात भाषणाचे कागद होते, सिंधू संस्कृतीपासून सुरुवात केली होती. मी जनरेटरकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला किती वेळ आहे हे मला डोळ्यांनी दिसत होतं. मी कागद बाहेर काढले नाहीत.

“हा उजेड माझा नाही,” मी म्हणालो. “हा जो मधला दिवा आहे, तो जिजाबाईंच्या नंदिनीच्या बारशाचा डबा आहे. त्यांच्यामुळे मी आज इथे उभा आहे. त्या बाजूचे दिवे ह्या गल्लीतल्या बायांनी दारामागे जपलेल्या पिशव्यांचे आहेत. पंखा फिरतो आहे तो कारंज्याच्या धाब्यांवरच्या दुधाच्या पिशव्यांवर, त्यातलं नळीत उरलेलं होतं ते आजच निघालं. आणि हा माईक, ज्यातून माझा आवाज तुम्हाला येतो आहे, हा मधुकररावांचा जेवणाचा डबा आहे. ज्यांनी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, त्यांनी आज स्वतःचा...”

जनरेटर दोनदा अडखळला आणि बंद पडला. दिवे गेले, माईक गेला, माझं वाक्य मध्येच राहिलं. एवढा वेळ कुणाचं लक्ष नव्हतं, पण वर पूर्ण चंद्र होता आणि त्यात सगळे चेहरे दिसत होते. तेल सरलं की गाडी सुटली, हे ठरलेलंच होतं. मी स्टेजवरून उतरायला वळलो.

जनरेटरवाला पोरगा ओरडला, “मेन चालू करू का जी?”

“थांब,” मधुकररावांचा आवाज आला. ते उठून उभे राहिले होते. बसस्थानकावरचा आवाज, त्याला माईक लागत नव्हता. “सर, माईक नसला तं नसू द्या. तुमी बोला. आमी ऐकून राह्यलो.”

मागून जिजाबाई म्हणाल्या, “बोला जी.” मग आणखी कुणी म्हणालं. मग बऱ्याच जणांनी.

वर्षानुवर्षं मी ह्या लोकांसमोर बोलत आलो होतो. बोला, असं मला कधीच कुणी म्हटलं नव्हतं. आता म्हणत होते, आणि समोर सगळे गप्प बसून माझ्याकडे पाहत होते. सिंधू संस्कृती खिशात होती. ती मी तिथेच राहू दिली. मी नुसते हात जोडले आणि तसाच, कितीतरी वेळ, उभा राहिलो.